बॉल माझा होता

आमच्या व्याह्यांना झालेली नाही अशी मानेची किंवा खांद्याची दुखापत वैद्यकशास्त्राला अजून सापडायची आहे. हे माझ्या मुलीचे सासरे. उंब्रजच्या जवळ एका गावात त्यांची उसाची शेती आहे आणि शेतीकडे वळण्याआधी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत काढली. निवृत्त झाले तेव्हा ते हवालदार होते. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या माणसाला गाव त्याच दिवशी मेजर करून टाकतं, त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही. तेव्हा तेही मेजर झाले आणि मीही त्यांना मेजरच म्हणतो. बर्फात, वाळवंटात, सीमेवर या माणसाच्या अंगावर साधा ओरखडा उमटला नाही. जे काही निखळलं, आखडलं, लचकलं आणि सुजलं ते सगळं पेन्शन सुरू झाल्यावर, हौसेनं खेळताना. यावर विहीणबाईंचं एक ठरलेलं वाक्य आहे. "तकडं बंदुका हुत्या तर माणूस धड आलं," त्या म्हणतात, "आन् हितं कोंबडीच्या पिसानं मान मोडली!"

कोंबडीचं पीस म्हणजे बॅडमिंटनचं फूल. मी सांगलीला विश्रामबागेत राहतो. आमच्या घराजवळच्या हॉलवर सकाळी निवृत्त मंडळी बॅडमिंटन खेळतात आणि मी बाकावर बसून गुण मोजतो. मेजर एकदा मुक्कामाला आले, तेव्हा मी त्यांना नुसतं बघायला नेलं होतं. पण खेळ चालू आहे आणि मेजर बघताहेत, हे दृश्य फार वेळ टिकत नाही. त्यांनी कुणाची तरी रॅकेट मागून घेतली आणि साप मारायला काठी धरावी तशी धरली. समोरच्या निवृत्त प्राचार्यांनी फूल उंच उडवलं. मेजरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. फूल खाली आलं, मान वरच राहिली. दोघातिघांनी बाम चोळून ती कशीबशी खाली आणली, पण उतरताना ती डावीकडे वळली आणि तिथंच बसली. त्याच अवस्थेत मेजर दुसऱ्या दिवशी एसटीनं गावाकडे निघाले. खिडकीशी बसलेल्या गृहस्थाला वाटलं, हा माणूस आपल्याला निरखतो आहे. आष्टा गेलं तरी नजर हलेना, तेव्हा तो वैतागला. "काय वो पाव्हणं, कवाधरनं बघताय. वळखीचं हाय का?" मेजर म्हणाले, "न्हाई, पर आता व्हईल की. मान वळंना झालीया, मग बघायचं कुटं?" कऱ्हाड येईपर्यंत त्या गृहस्थाची बहीण मेजरांच्या शेजारच्या गावात दिली असल्याचं निघालं आणि पुढच्या उन्हाळ्यात मेजर त्याच्या मुलाच्या लग्नाला टोपी-टॉवेलाचे मानकरी होते. सरळ मानेच्या माणसाला इतक्या ओळखी होत नाहीत.

सूर मारायची हौस त्यांना लहानपणापासूनची. पेन्शनीत आल्यावर नदीवर एकदा सूर मारला तो पाण्यात न पडता पाण्यात बसलेल्या म्हशीवर पडला. मेजर खांदा धरून बाहेर आले. म्हैस रवंथ करत होती. त्यांनी तिचा राग तर धरला नाहीच, उलट पुढे कितीतरी दिवस "म्हस लय घट हाय गड्या," असं ते मालकाजवळ कौतुकानं सांगायचे. आणि कॅरम! कॅरमनं खांदा धरलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्या वेळी मिरजेच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो. लोक मिरजेला गाडी बदलायला उतरतात, जाणकार तंबोरा घ्यायला जातात, मेजर खांदा बसवून घ्यायला जातात. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मेजर म्हणाले, खेळताना. कुठला खेळ? कॅरम. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावून दुजोरा दिला. "राणी लांबच्या कोपऱ्यात हुती सायेब," मेजर समजावून सांगू लागले, "सोडायची कशी?"

या साऱ्याचा त्यांना संकोच नाही, उलट अभिमान आहे. मानेचे पट्टे त्यांच्याकडे दोन, रोजच्याला कातडी रंगाचा आणि लग्नकार्याला पांढरा. पांढऱ्याला विहीणबाई इस्त्रीसुद्धा करत असाव्यात असा मला संशय आहे. घरी पाहुणे आले, चहा झाला, की मेजर म्हणतात, "थांबा, फोटो दावतो." पाहुणे लग्नाचा अल्बम बघायला सरसावून बसतात. मेजर आतून भलंमोठं पाकीट आणतात आणि एक्स-रेच्या काळ्या फिल्मा एकेक करून खिडकीच्या उजेडाला धरतात. "ह्यो बॅडमिंटनचा. ह्यो म्हशीचा. म्हंजे फोटो माजाच हाय, म्हस ह्यात न्हाई." पाहुणे बिचारे "छान आलाय" म्हणतात. सर्वांत शेवटी एक फिल्म निघते, उजव्या खांद्याची. ती मात्र मेजर उजेडाला धरतात आणि काही न बोलता परत पाकिटात घालतात. तिच्याबद्दल बोलायचं काम गेली काही वर्षं मी करत आलो. लग्नांत केलं, बारशांत केलं, हॉलच्या बाकावर केलं, साताऱ्यात केलं आणि सांगलीतही केलं. ते सगळं बोलणं परत घ्यायचं म्हणून या वयात लिहायला बसलो आहे.

मेजरांच्या गावात शूटिंग व्हॉलीबॉलचं वेड आहे. दोन्ही हात घट्ट जोडून, खांद्यातला सगळा जोर लावून बॉल हाणायचा, असा हा खेळ. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळामागच्या मैदानावर तरणी पोरं विरुद्ध वडीलधारी असा सामना होतो आणि जत्रेला आलेल्या पाहुण्यांना वडीलधाऱ्यांच्या बाजूनं उभं करायचं, अशी तिथली रीत आहे. जावई, व्याही, मेव्हणा, कुणी सुटत नाही. नाही म्हणणं म्हणजे जेवणाच्या ताटावरून उठण्यासारखं. मेजर त्या संघाचे शूटर. वर्षभर ते ज्या दिवसाची वाट बघायचे तो हा दिवस. ऊस कारखान्याला गेला का, यापेक्षा जत्रेला बॉल नवा आणणार का, याची त्यांना जास्त काळजी.

मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला मी गेलो आणि रितीप्रमाणे मला मेजरांच्या शेजारी उभं केलं. डोक्यावर आहेरातली नवी टोपी, कमरेला पट्टा, पायात ऑफिसचे बूट. शाळा सुटल्यापासून मी बॉलला हात लावला नव्हता. मेजर हळूच म्हणाले, "व्याही, ज्याचा बॉल त्यानं 'माजा' म्हणून वरडायचं. दुसऱ्यानं बाजूला व्हायाचं. बास. दुसरं काय न्हाई ह्या खेळात."

बराच वेळ माझ्याकडे काही आलं नाही. मग एक बॉल उंच चढला आणि नेमका आम्हा दोघांच्या मधे उतरू लागला. कुठून अवसान आलं कोण जाणे, मी ओरडलो, "माझा!" मेजर ताबडतोब दोन पावलं बाजूला झाले. आणि त्याच क्षणी माझ्यातला मुलीचा बाप जागा झाला. ज्यांच्यापुढे लग्नात मी अर्धा दिवस हात जोडून उभा होतो, त्यांच्या गावात, त्यांच्या माणसांदेखत, त्यांच्या तोंडचा बॉल मी मारायचा? मी घाईघाईनं ओरडलो, "छे छे, मेजर, तुम्ही घ्या!" मेजर फौजी माणूस. हुकूम आल्यावर ते थांबत नाहीत. हात जोडून ते बॉलवर झेपावले. इकडे मला वाटलं, जेवताना शेवटची भाकरी जशी ते माझ्याकडे सरकवतात तसंच आताही करतील, 'न्हाई न्हाई, तुमीच घ्या' म्हणतील, आणि बॉल दोघांच्या मधे पडून शोभा होईल. म्हणून मीही झेपावलो. माझं डोकं त्यांच्या उजव्या खांद्यावर आदळलं. बॉल आमच्या मागे पडला आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडे घरंगळत गेला. जगात मानपानापायी लग्नं मोडली आहेत, खांदा मोडल्याचं उदाहरण बहुधा हेच.

लोकांनी पाहिलं ते एवढंच, की बाजूला गेलेले मेजर धावत आले आणि पाहुण्यावर आपटले. कर्ण्यावरून सामन्याचं वर्णन करणारा ओरडला, "आरारारा! मेजरनी व्याह्यालाच उडिवला!" मैदान हसलं. मेजर मातीत पडले होते, हात विचित्र लोंबत होता, आणि ते मला विचारत होते, "व्याही, डोक्याला लागलं न्हाई न्हवं?"

वडीलधाऱ्यांच्या संघाचे कप्तान, दूध डेअरीचे निवृत्त सचिव, पळत आले. मला पाणी पाजून त्यांनी विचारलं, "बॉल कुणाचा हुता?"

"माझा होता," मी म्हणालो.

"आवाज दिल्ता?"

"दिला होता."

दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी. तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मी पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेला माणूस. विचारलं तेवढंच उत्तर द्यावं, हे तिथं पहिल्या महिन्यात अंगवळणी पडतं.

पंधरवड्यानं मेजर, हात गळ्यातल्या झोळीत, आणि विहीणबाई आमच्याकडे आले. बरोबर गुळाची ढेप, नारळ, टोपी, टॉवेल. विहीणबाई म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यांच्या वतीनं पदर पसरते. फौजंची सवय हाय, फुडं कोण हाय त्ये बघत न्हाईत." मेजर आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. माझ्या तोंडाशी खरे शब्द आले होते. पण टोपी डोक्यावर बसली, माहेरी आलेली मुलगी चहा घेऊन आली, बायको म्हणाली 'अहो, असू द्या ना', आणि मी म्हणालो, "असू द्या, असू द्या, खेळात चालायचंच." इतक्या मोठ्या मनानं म्हणालो, की क्षणभर माझं मलाच कौतुक वाटलं. तेव्हापासून दर वर्षी गुऱ्हाळ लागलं की ढेप येत राहिली. गूळ उत्तम. आमच्या पुरणपोळ्या त्याच्याच.

हकिकतीचं म्हणाल तर ती सांगून सांगून मुरत गेली. आधी मला नुसता धक्का लागला होता. मग माझा चष्मा उडाला. एका लग्नात तर मी चार फूट वर उचललो गेलो होतो, आणि तो मांडव इतका हसला की मला पुढे चष्म्यावर उतरताच येईना. मेजर त्या पंक्तीत होते. तेही हसले.

हसण्यानं काय केलं ते मला कळायला वेळ लागला. डॉक्टरांनी मेजरांना सांगितलं होतं, व्यायाम करा, पुढच्या जत्रेला खेळाल. पण गावानं त्यांना शेजारी घेणं सोडलं. घरच्यांनी तंबी दिली, मैदानाकडे फिरकायचं नाही, आपल्याला लागलं तर लागलं, दुसऱ्याला आणखी कशाला. सामन्याआधी बॉलवर नारळ ओवाळायचं काम मेजरांकडे आलं. कॅरमला बसले तरी पोरं म्हणायची, "मेजर, दम्मानं. राणी पळून जात न्हाई."

गेल्या वर्षी जत्रेला मी गेलो होतो. ऐन वेळी वडीलधाऱ्यांच्या संघात एक जण कमी पडला. मेजर पांढरे बूट घालून चुन्याच्या रेषेवर उभे होते. नारळ ओवाळायला कुणी बूट घालत नाही, हे मला तेव्हा उमगलं. ते कप्तानांना म्हणाले, "मी येऊ का? मागं हुबा ऱ्हातो."

कप्तान संकोचले. "मेजर, राग नका धरू. पर तुमच्या शेजारी कोण हुबं ऱ्हाणार, सांगा बरं?"

"व्हय व्हय," मेजर म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." कप्तानांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेला एक पाहुणा उभा केला. मेजर वाकले आणि खेळणाऱ्यांच्या रेषेवर पडलेल्या चपला डाव्या हातानं एकेक उचलून बाजूला ठेवू लागले.

दुपारी पंगतीत कप्तानही जेवायला होते. विहीणबाई वाढत होत्या.  मी म्हणालो, "त्या दिवशी 'माझा' म्हणून मी ओरडलो, मेजर बाजूला झाले, आणि मग मीच त्यांना 'तुम्ही घ्या' म्हणालो. मीच बोलावलं त्यांना. आणि वर मीच आडवा गेलो."

वाढपाचा डाव हवेत थांबला. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे इतकी वर्सं आमी तुमाला गूळ घालतोय, त्यो कशापायी?"

 मी मेजरांकडे वळलो. ते भाकरी कुस्करत होते. "मला ठावं हाय की," ते शांतपणे म्हणाले. "बॉलपाशी मीच हुतो न्हवं? 'तुमी घ्या' ह्ये मला ऐकू आल्यालं."

"मग बोलला का नाहीत?"

"आवं, सुनंचं वडील तुमी. चारचौघांत पाव्हण्याला खोटं पाडायचं व्हय?"

कप्तानांनी हात धुतले नाहीत, तसेच उठले. "ह्ये लय वंगाळ झालं मेजर. आजचा सामना गेला, पर उद्या पोरास्नी परत एक डाव खेळाया लावू. उद्या तुमी शूटर. तुमच्या शेजारी मी हुबा ऱ्हातो. बगू कोण काय बोलतंय."

मेजरांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, सुटलो. त्यांनी उजवा हात वर उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी डाव्या हातानं त्याला खालून रेटून पाहिलं. तो हलला नाही.

"व्यायाम सांगितला होता ना डॉक्टरांनी?" मी विचारलं.

"सोडला कवाच," मेजर म्हणाले. "खेळायचंच न्हाई तर हात वर करून काय करायचं? कुणाला शरण जायाचं हुतं व्हय?" पंगतीत एक-दोघं हसले. या खेपेला मेजर हसले नाहीत. मग माझ्याकडे बघून, तक्रार नव्हे, पाऊसपाण्याची चौकशी करावी तसं म्हणाले, "ह्येच धा म्हैनं आदी बोलला असता व्याही, तर तवा जरा हालत हुता."

तेव्हा सगळ्यांना सांगतो, ज्यांनी ती हकिकत माझ्या तोंडून ऐकली त्यांना आणि ज्यांनी ती पुढे सांगितली त्यांनाही: मेजरांनी कुणालाही उडवलं नाही. ते बाजूला झाले होते. त्यांच्या शेजारी बिनघोर उभं राहा.

आता महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जातो. मिरजेच्या डॉक्टरांनी पुन्हा व्यायाम दिला आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर वर चालवायची. रोज जिथपर्यंत बोटं पोचतात तिथं तेलाचा डाग उठतो. दिवाळीला विहीणबाईंनी घरभर चुना दिला, पण ती पट्टी तशीच ठेवली. डाग दिव्याच्या बटणांच्या पाटीच्या जरा वर येऊन थांबले आहेत. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. मेजर म्हणतात, जत्रेला चार म्हैनं हायत. बोटं चालवताना त्यांचं कपाळ घामानं भिजतं. नाक भिंतीशी टेकलेलं आणि मान वळत नाही, त्यामुळे बोटं कुठवर गेली ते त्यांना स्वतःला दिसत नाही. ते भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारतात, "व्याही, बगा बरं. कालच्यापरास गेली का वर?"

मी चष्मा पुसतो, जवळ जाऊन बघतो. बोटं कालच्याच डागावर असतात.

"गेली की," मी म्हणतो. "चांगली दोन बोटं."

"मग थांबा," मेजर म्हणतात, "आजून एकदा करतो."